जोडीने तोललेले तारे

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. तिच्याबद्दल बोलताना आपण बहुधा २,६०० कोटींचा खर्च आणि आइन्स्टाइनचं नाव एवढंच सांगून थांबतो. मला तिचं मोल आणखी एका ठिकाणी दिसतं. ताऱ्यांची वस्तुमानं मोजण्याच्या कामातली एक जुनी अडचण सोडवायला ही जागा उपयोगी पडणार आहे.

तारा किती तापेल, किती जगेल, अखेर श्वेतबटू होईल की कृष्णविवर, हे मुख्यतः त्याच्या वस्तुमानावर ठरतं. आणि नेमकी तीच गोष्ट दुर्बिणीतून दिसत नाही. तेज मोजता येतं, रंगावरून तापमान काढता येतं. पण त्यांवरून वस्तुमान सांगायचं तर ताऱ्यांच्या उत्क्रांतीच्या गणिती प्रारूपाचा आधार घ्यावा लागतो. प्रारूपानेच दिलेल्या आकड्यावर तेच प्रारूप पारखणं, याला परीक्षा कशी म्हणायची? वसमतच्या बाजारात मुरलेला अडत्या हळदीचं पोतं नुसतं बघून वजन सांगेल, कदाचित बरोबरही सांगेल. पण अंदाज खरा ठरतो तो पोतं काट्यावर चढल्यावरच. ताऱ्यांचा भरवशाचा काटा म्हणजे त्यांचा जोडीदार. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असले, की फेरीचा काळ आणि वेग यांवरून केप्लर-न्यूटनच्या नियमांनी वस्तुमान निघतं. ताऱ्याच्या पोटात काय चाललं आहे, याबद्दल काहीच गृहीत धरावं लागत नाही.

कोवळ्या ताऱ्यांना या काट्याची सर्वांत जास्त गरज आहे, कारण प्रारूपं तिथेच डळमळतात. गाभ्यात हायड्रोजन अजून पेटलेला नसतो, तारा आकसत असतो, चुंबकीय क्षेत्रं जबर असतात. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या परिसरात पॅरेनागो १८०२ नावाची जोडी आहे, वय जेमतेम दहा लाख वर्षं. दोघांची वस्तुमानं दोन टक्क्यांच्या आत सारखी. एकाच मेघातून एकत्र जन्मलेले म्हणजे तेजही सारखं असायला हवं. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तापमानांत सुमारे ३०० अंशांचा फरक निघाला आणि एक तारा दुसऱ्याच्या जवळजवळ दीडपट तेजस्वी. यातला एक काही लाख वर्षं आधी जन्मला असावा, असं संशोधकांनी सुचवलं. नुसत्या तेजावर विसंबलो असतो तर ही विसंगती कुणाच्या लक्षातही आली नसती. प्रारूपाने दोघांना मुकाट्याने दोन वेगळी वस्तुमानं देऊन टाकली असती.

या काट्यालाही एक खोड आहे, ती म्हणजे कक्षेचा कल. वर्णपटातून कळतो तो फक्त आपल्या दिशेने येण्याजाण्याचा वेग. कक्षा किती तिरपी आहे हे ठाऊक नसेल तर वस्तुमान किमान किती, एवढंच हाती लागतं. पॅरेनागोचे तारे एकमेकांना ग्रहण लावतात, म्हणजे कक्षा आपल्याला कडेने दिसते, म्हणून तिथे हा प्रश्न सुटला.

कृष्णविवरांच्या जोडीला ग्रहणही नाही आणि वर्णपटही नाही. तिथे त्यांच्या फिरण्यामुळे अवकाशात उठणारा तरंग, म्हणजे गुरुत्वलहरच, तोलते. १४ सप्टेंबर २०१५ ला सापडलेल्या पहिल्या लहरीची कंपनं सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात ३५ वरून २५० हर्ट्झपर्यंत चढली आणि त्या चढण्याच्या वेगावरून सूर्याच्या ३६ आणि २९ पट अशी वस्तुमानं निघाली. गोंगाटातून अशी चढती लहर गाळून काढायची कशी, हे पुण्याच्या आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच मांडायला घेतलं होतं.

पण विश्वाच्या प्रसरणामुळे लहर ताणली जाऊन येते आणि वस्तुमान फुगवून दाखवते. खरा आकडा हवा तर अंतर हवं. अंतर लहरीच्या उंचीवरून काढायचं आणि ती उंची पुन्हा कलावर अवलंबून! दूरची समोरून दिसणारी जोडी आणि जवळची कडेने दिसणारी जोडी सारख्याच उंचीची लहर धाडू शकतात. हा तिढा सोडवायचा तर लहरीचे दोन्ही ध्रुवणप्रकार, म्हणजे अवकाश ताणण्याच्या तिच्या दोन तऱ्हा, वेगवेगळे टिपावे लागतात. अमेरिकेतल्या दोन्ही लायगो यंत्रांच्या भुजा जवळपास एकाच ठेवणीत आहेत, त्यामुळे ती बहुतांशी एकच प्रकार टिपतात. इटलीतल्या व्हर्गो यंत्राची मदत होते, पण त्याची संवेदनशीलता कमी पडते. औंढ्याचं यंत्र अमेरिकेतल्या यंत्रांच्याच जातीचं, तशाच चार-चार किलोमीटरच्या भुजांचं, आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे वेगळ्या कोनातून पाहणारं. म्हणूनच फेब्रुवारी २०१६ मधली तत्त्वतः मंजुरी आणि एप्रिल २०२३ मधली अंतिम मंजुरी यांच्यामधली सात वर्षं मला फार जाणवतात.

सर्वांत भारी ताऱ्यांबद्दल प्रारूपं म्हणतात, की काही तारे पूर्ण उधळून जातात, मागे काहीच उरत नाही. म्हणून सूर्याच्या सुमारे ६५ ते १२० पट वस्तुमानाची कृष्णविवरं ताऱ्यांपासून थेट बनू नयेत, वस्तुमानांत तिथे एक दरी असावी. २१ मे २०१९ च्या लहरीने ८५ आणि ६६ असे आकडे दिले, दोन्ही त्या दरीत. ही लहर इतक्या दुरून आली होती, की मूळ नोंदीतले आकडे जवळपास दुप्पट फुगलेले होते. काही अभ्यासकांनी तीच नोंद वेगळ्या तऱ्हेने वाचली आणि एक कृष्णविवर दरीच्या खाली, दुसरं वर ठेवलं. पुढची अशी लहर औंढ्यानेही टिपली, तर अंतर आणि कल पुष्कळ नेमके मिळतील, आणि ही दरी खरोखर आहे की नाही हा वाद प्रत्यक्ष मोजलेल्या वस्तुमानांवर घालता येईल.