खेळ एकच, ओढ निराळी

परवा एका गावी कीर्तनास गेलो होतो. ज्यांच्या घरी आमचा उतारा होता, त्या गृहस्थांनी जेवणे झाल्यावर आपले दोन नातू आमच्यापुढे उभे केले. "महाराज, ह्यांना चार शब्द सांगा. पुण्याहून गावी राहायला आल्यापासून दोघेही दिवसभर मोबाईलवर खेळत असतात."

आम्ही म्हटले, "काय खेळता, दाखवा पाहू." थोरला 'माइनक्राफ्ट' नावाच्या खेळात एकटाच ठोकळ्यावर ठोकळा रचून वाडा बांधीत होता. धाकटा शंभर जणांच्या झुंजीत उतरला होता. पुण्याच्या मित्रांना हाका मारायच्या, मरायचे, की लगेच पुन्हा सुरू! आजोबांच्या लेखी दोघांचे व्यसन एकच. आम्हांस तसे वाटले नाही.

इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात १९७८ साली संगणकावर अनेकांनी मिळून खेळावयाचा 'मड' नावाचा खेळ निघाला. त्याच्या दोन कर्त्यांपैकी रिचर्ड बार्टल ह्यांनी १९९६ साली खेळणाऱ्यांच्या चार जाती सांगितल्या व त्यांना पत्त्यांची नावे दिली. गुण व धन जमविणारे ते चौकट, नवे प्रदेश खणून पाहणारे इस्पिक, माणसांसाठी येणारे बदाम, आणि दुसऱ्याला छळण्यात सुख मानणारे किलवर. (कीर्तनकाराच्या तोंडी पत्ते शोभत नाहीत, पण काय करणार!) आमच्या श्रोत्यांतही हेच असते. कोणी अर्थासाठी येतो, कोणी चालीसाठी, कोणी चार मंडळी भेटतात म्हणून; आणि एखादा नुसता बुवांची चूक धरायला!

मग कोणी विचारील, स्वभावच तसा, तर पोराचा दोष काय? ओढ असणे हा दोष नव्हेच. परंतु उतावळ्या, चिंताखोर आणि कामात नेटकेपणा नसलेल्या मनाला खेळाची पकड लवकर बसते, असे अभ्यासकांना पुन्हापुन्हा आढळले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या रोगांच्या यादीत हा विकार आहे. ती यादी २०२२ पासून लागू झाली. त्यात नुसते तास मोजलेले नाहीत. आवरता न येणे, बाकी सर्व मागे पडणे, नुकसान दिसूनही न थांबणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे, ही लक्षणे. म्हणजे स्वभाव वाट दाखवतो. पण पाय थांबवता येतो की नाही, हे ज्याचे त्यानेच तपासायचे. पोर लहान असेल तर ते काम वडिलांचे, आणि त्यासाठी आधी पोराला विचारावे लागते.

आम्ही विचारले. धाकटा म्हणाला, "इथं माझ्याशी कोण बोलतंय?" थोरल्याला त्याचे काहीच नव्हते. घर एक, गाव एक, पण एकाला एकांत गोड लागला, दुसऱ्याला तो खायला उठला.

आजोबा म्हणाले, "मग मोबाईलच काढून घेतो." आम्हांस आमची पाठशाळा आठवली. बुद्धिबळापायी अमरकोशाचा पाठ बुडाला, म्हणून गुरुजींनी पट विहिरीत टाकला होता. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही पाठ म्हणताना मनातच डाव मांडीत असू.

"हिसकावू नका," आम्ही म्हटले. "रात्री तो तुमच्या उशाशी राहू द्या, आणि संध्याकाळी धाकट्याला स्वतः बरोबर नेऊन गावच्या पोरांत कबड्डीला उभा करा."

"आणि थोरल्याचं काय?"

"त्यानं बांधलेला वाडा एकदा बघा तरी!"

आजोबांनी चष्मा शोधायला सुरुवात केली.