ताणावरची बाग

वरूडकडचे भाऊ संत्रा बागायतदार. त्यांना आतड्याचा कॅन्सर निघाला, तेव्हा आंबिया बहाराची तयारी सुरू होती. म्हणजे फुलं यावीत म्हणून बागेचं पाणी तोडून तिला ताण द्यायचे दिवस. भाऊंनी बाग पोराच्या हवाली केली आणि काटोलमार्गे नागपूरला केमोसाठी खेटे सुरू केले. दवाखाना तुकडोजी महाराजांच्या नावाचा. महाराज मोझरीचे, भाऊंच्याच जिल्ह्यातले, आणि 1968 साली गेले तेही कॅन्सरनंच. "महाराजांलेई हेच दुखनं होतं," असं भाऊ भेटायला येणाऱ्याला सांगत. त्यात भीती कमी, मान जास्त.

मळमळ त्यांनी सोसली, तोंडाची चव गेली तेही सोसलं. रात्र मात्र सोसेना. 'आराम करा' असं सगळे म्हणतात म्हणून आठलाच अंथरुणावर पडायचं. मग मोबाईल उजळवून वेळ पाहायची : साडेबारा, दोन, पावणेतीन. दिवसभर पुन्हा खाटेवरच. पाहुण्यांचे उपाय आलेच. जायफळाचं दूध झालं, काशाच्या वाटीनं तळपाय घासून झाले. एका साडभावानं तर स्वतःच्या झोपेच्या गोळ्या पुढं केल्या. माया खरी असली तरी केमोच्या औषधांत दुसऱ्याची गोळी मिसळणं म्हणजे डोळे मिटून फवारणी करणं. भाऊंच्या बायकोनं ती पट्टी परत केली, हे बरं केलं.

डॉक्टरांना मात्र भाऊ काही बोलत नव्हते. एवढ्या मोठ्या रोगात झोपेचं रडगाणं काय गायचं! शेवटी बाईच बोलल्या, "साहेब, हे रातभर टकटक पाह्यतात."

डॉक्टरांनी आधी दुखतं का, धाप लागते का, मनात काय घोळतं ते विचारलं. मग गोळ्यांची पिशवी उघडायला लावली. केमोनंतर मळमळ होऊ नये म्हणून दोन-तीन दिवस घ्यायची डेक्सामेथासोनची गोळी सकाळची होती. भाऊ ती सगळ्या गोळ्यांसोबत रात्री जेवल्यावर घेत.

"काका, ही स्टेरॉइडची गोळी माणसाला जागं ठेवते. नाश्त्यानंतरच घ्या. दुपारी अर्ध्या तासाच्या वर झोपू नका, तेही तीनच्या आत. संध्याकाळचा चहा बंद. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर उठून बसा. घड्याळ बघू नका, अंदाजानंच. आणि रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ एकच."

गाडीत बसल्यावर भाऊ उखडले. "अर्धमेल्या मानसाले उठून बसा म्हंते!"

"बागेले ताण देता तवा काय करता जी?" बाई म्हणाल्या. "पानं सुकल्यावानी होतात, पाहून जीव खालवर होते. पन पानी सोडता काय? का झाडाखाली बसून 'फूल ये, फूल ये' म्हनता?"

भाऊ जुने बागवान. असे थोडेच ऐकणार! "डिंक्या लागल्या झाडाले ताण देते काय कोनी?"

"म्हनून तं डॉक्टरनं दुपारची झोप ठेवली नं! जमीन पाहून, झाडाची ताकद पाहूनच ताण देतात. हे तुमीच पोराले शिकवलं."

यावर भाऊंना उत्तर सुचलं नाही.

पहिले काही दिवस वाईट गेले. साडेदहापर्यंत ते ओसरीवर डुलक्या आवरत बसत. रात्री जाग आलीच तर मंद दिव्यात बागेची जुनी वही काढत : कोणत्या साली पाणी कधी तोडलं, आंबवणीचं पहिलं हलकं पाणी कधी दिलं, भाव काय मिळाला. तोट्याची पानं ते भराभर उलटत. हळूहळू वही उघडायच्या आधीच डोळे मिटायला लागले. केमोनंतरच्या एक-दोन रात्री पुढंही जड जातच राहिल्या, पण त्या कोणत्या हे आता ठाऊक होतं. म्हणून त्यांची धास्ती उरली नाही.

पुढच्या केमोला शेजारच्या खाटेवर दर्यापूरकडचा एक पोरगा होता. सलाईन लागलेलं, डोळे तांबारलेले. त्याची आई म्हणाली, "रातभर झोपत नाई जी, काय करावं समजत नाई."

भाऊ उठून बसले. "डॉक्टरले सांगतलं काय?"

"नाई. एवढ्याशासाठी काय सांगा?"

"सांगा, माय. आन् गोळ्याची पिशवी संग न्या."