मृतांच्या मुखी घातलेले शब्द

बायबल भाषांतराच्या कामानिमित्त मला अधूनमधून बंगळुरूला जावे लागते. मागच्या खेपेस काम आटोपल्यावर दोन दिवस मी पीण्या औद्योगिक क्षेत्रात माझ्या भाच्याकडे मुक्काम केला. तुमकुरू रस्त्यालगतच्या त्या वसाहतीत त्याचे लहानसे वर्कशॉप आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली या शहरात विमानांचा कारखाना उभारला. दुसऱ्या महायुद्धात तेथे अमेरिकन विमानांची दुरुस्तीही झाली. भाच्याच्या लेथवर आज जे सुटे भाग कापले जातात, त्यांतील काही विमानांच्याच कामाचे असतात. रात्री जेवणे झाल्यावर त्याने माझ्यापुढे चार जाड वह्या ठेवल्या. १९७१ च्या युद्धातील नौदल अधिकारी आणि वैमानिक यांच्यावर त्याने कादंबरी लिहिली होती. “मामा, शुद्धलेखन तेवढे पाहा,” तो म्हणाला.

शुद्धलेखन राहिले बाजूला. मी अडखळलो तो दोन प्रकरणांपाशी.

पहिले प्रकरण ‘खुकरी’ या युद्धनौकेचे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने तिला बुडवले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिले आणि ते नौका सोडून गेले नाहीत, असे बचावलेल्यांनी सांगितले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. भाच्याने हे सारे नीट अभ्यासून लिहिले होते. मात्र पाणी पुलापर्यंत चढत असताना त्याने कॅप्टनच्या मुखी दीड पानाचे स्वगत घातले होते, आणि त्याचा शेवट देवाला केलेल्या प्रार्थनेने होत होता. स्वगत सुंदर होते, हेही सांगितले पाहिजे.

दुसरे प्रकरण फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे. ५ डिसेंबर १९७१ रोजी सुखोई विमानातून शोरकोटच्या हवाई तळावर हल्ला करण्यास गेलेले तांबे परतले नाहीत. त्या दिवसांत एका पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या वैमानिकांत ‘टॉम्बे’ असे नाव छापून आले. पाकिस्तान सरकारने मात्र असा कोणी कैदी आपल्याकडे असल्याचे नाकारले. १९७९ साली लोकसभेपुढे ठेवलेल्या ५४ बेपत्ता जणांच्या यादीत त्यांचे नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. पुढे कित्येक दशके त्यांनी पतीचा शोध घेतला. १९८३ साली आणि पुन्हा २००७ साली बेपत्तांचे नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले आणि रिकाम्या हातांनी परतले. भाच्याच्या वहीत तांबे एका कोठडीत होते. भिंतीवर ते दिवसांच्या रेघा ओढत होते आणि एका हिवाळ्यात तापाने त्यांचा अंत होत होता.

सकाळी वर्कशॉपच्या कोपऱ्यातील टेबलाशी बसून मी त्याला विचारले, “ड्रॉइंगवर एखादे माप राहून गेले, तर तू काय करतोस?”

“काम थांबवतो. पार्टीला फोन करतो. अंदाजाने जॉब कापला तर माल परत येतो.”

“मग येथे अंदाजाने का कापलेस?”

तो जराही गोंधळला नाही. “येथे फोन कोणाला करू, मामा? शौर्यपदकाच्या मानपत्रात चार ओळी असतात, त्या कोणी वाचत नाही. १७६ नौसैनिकांपैकी एकाचे तरी नाव तुम्हांला ठाऊक आहे का?”

मला ठाऊक नव्हते.

वाचकहो, त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मराठी माणसाच्या मनातले माधवराव पेशवे हे बखरीतले नसून रणजित देसाईंच्या १९६२ सालच्या ‘स्वामी’तले आहेत, आणि त्या कादंबरीने पेशव्यांची हानी केली असे मला वाटत नाही. परंतु माधवरावांना जाऊन आता अडीच शतके झाली. त्यांच्या वाटेकडे डोळे लावून कोणी बसलेले नाही. ज्याच्या मरणाची वार्ताच आलेली नाही त्याला कादंबरीत मरण देणे, म्हणजे दुसऱ्याच्या घरातील दिवा आपल्या हाताने मालवणे होय. तेथे लेखणी थांबली पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

कॅप्टनच्या प्रार्थनेविषयी मात्र भाच्याने मला पेचात टाकले. “गेथशेमाने बागेत शिष्य झोपले होते ना? मग प्रभूची प्रार्थना कोणी ऐकून लिहिली?”

प्रश्न जुना आहे आणि धर्मशास्त्राच्या वर्गात मीही तो विचारला होता. प्रभू शिष्यांपासून धोंड्याच्या टप्प्याइतकाच दूर होता, झोप लागण्यापूर्वी त्यांनी काही ऐकले असणार आणि पुनरुत्थानानंतर तो चाळीस दिवस त्यांना भेटत राहिला, असे उत्तर मी दिले. कॅप्टन मुल्ला परत येऊन कोणाला भेटले नाहीत. शुभवर्तमानकारांना आपण साक्षीदार मानतो. माझा भाचा साक्षीदार नव्हे, हे त्यालाही मान्य होते.

मी त्याला लूककडे नेले. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७. तारवावर २७६ माणसे, त्यांत लूकही असल्यामुळे कथन ‘आम्ही’ असे चालते. तांडेल आणि तारवाचा मालक यांचा सल्ला चुकला, हे तो सांगतो; पण त्यांची नावे देत नाही. खलाशी नांगर टाकण्याच्या मिषाने पळून जाणार होते, असेही तो लिहितो. त्यांच्या मनातले त्याला कसे कळले, असे कोणी विचारू शकेल. मला तेथे एवढेच दिसते की ज्यांच्या हेतूविषयी तो बोलला, त्यांना त्याने निनावी ठेवले.

आम्हां भाषांतरकारांपुढे हा प्रश्न रोजचा. मुळात नसलेला शब्द अर्थासाठी घालावाच लागतो. किंग जेम्स भाषांतरात असे शब्द तिरक्या टाइपात छापले, म्हणजे वाचकाला ते भाषांतरकाराचे आहेत हे कळावे. गंमत अशी की आजचा वाचक तिरका टाइप पाहून ते शब्द अधिक महत्त्वाचे समजतो! मराठीला टाइप बदलावा लागत नाही. तिच्यापाशी ‘असेल’ आहे. ‘त्याने प्रार्थना केली’ आणि ‘त्याने प्रार्थना केली असेल’ यांत सत्यासत्याचे अंतर आहे. मी भाच्याला सुचवले की कॅप्टनचे स्वगत एखाद्या कल्पित नौसैनिकाला दे, नाहीतर ‘असेल’ लिही.

“पानभर ‘असेल’ वाचून वाचक झोपेल,” तो म्हणाला. तेही खरेच.

मग मी त्याला जे सांगितले, ते येथेही लिहितो. सुमारे सत्तावीस वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक तरुण मालवाहू जहाजावर खलाशी होता. वादळात जहाज बुडाले, तो सापडला नाही. मी नुकताच धर्मशास्त्र शिकून आलो होतो. एका मासिकासाठी त्याच्यावर श्रद्धांजलीपर लेख लिहिताना मी लिहून गेलो : लाटांमध्ये त्याने प्रभूला हाक मारली आणि शांतपणे प्राण ठेवला. ‘मारली’ लिहिले, ‘मारली असेल’ नव्हे. त्याच्या आईने ते कात्रण आपल्या पवित्र शास्त्रात स्तोत्रांच्या पानांत ठेवले. काही वर्षांनी उपासनेनंतर तिने मला बाजूला घेऊन विचारले, “पाळकसाहेब, त्यानं खरंच हाक मारली होती का?”

मी “हो” म्हणालो. ती वारली तेव्हा ते कात्रण शास्त्रात तसेच होते.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. तांब्यांचे प्रकरण काढून टाकतो, असे त्याने आपणहून सांगितले. मुल्लांचे स्वगत ठेवायचे की नाही, ते अजून ठरत नव्हते. मग त्याने विचारले, “त्या आईला तुम्ही ‘ठाऊक नाही’ म्हणाला असतात, तर ते तिला सोसवलं असतं का?”

मी उत्तर देऊ शकलो नाही. कामगाराने लेथवरून हाक मारली, तेव्हा तो मायक्रोमीटर घेऊन उठला आणि वह्या माझ्याजवळच राहिल्या. त्या मी परतीच्या गाडीत पुन्हा वाचल्या. स्वगताच्या समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह घातले आहे. अजून त्या त्याला परत पाठवलेल्या नाहीत.