चष्मा घातल्यावर हाक ऐकू येते का?



मागच्या सत्संगानंतर एका ताईंनी विचारलं होतं, की मुलगा व्हीआर हेडसेट मागतोय, घ्यावा का? तेव्हा मी हसून विषय टाळला. आता तोच प्रश्न आमच्या रांध्याच्या घरात येऊन बसलाय, त्यामुळे टाळता येत नाही.

पुण्याचा पुतण्या दिवाळीला आला तो आपला हेडसेट घेऊन. त्याला नवीन घ्यायचाय, म्हणून जुना आम्हाला अठरा हजारात देतो म्हणाला. चिरंजीव सातवीत. कंपनीचा बोनस नुकताच झालेला, हे त्याला माहीत! ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: डोळे पूर्ण झाकणारा हा एक जाड चष्मा असतो. दोन्ही डोळ्यांना थोडं वेगवेगळं चित्र दाखवतो, आणि मान वळवली की चित्रही वळतं. त्यामुळे मनाला वाटतं, आपण तिथेच आहोत. पहिल्या दिवशी पोराने गाडी पळवण्याचा खेळ खेळला आणि दहा मिनिटांत त्याला मळमळायला लागलं. डोळे सांगतात पळतोय, कानाच्या आतला तोल सांगतो बसलोय, या भांडणात पोट बिचारं सापडतं. दुसऱ्या दिवशी मात्र स्वारी बसून खेळायच्या खेळांत रमली, दोन-दोन तास.

माझं पहिलं मत तयारच होतं. ही सगळी माया, घरात नको, विषय संपला. पण आप्पांनी घोटाळा केला.

आमचे आप्पा मूळचे मुक्ताईनगरकडचे. तरुणपणी मुक्ताईच्या पालखीबरोबर दोनदा पंढरपूरला चालत गेलेले. आता गुडघे साथ देत नाहीत, ओट्यापर्यंत येतात तेवढंच. पुतण्याने त्यांना चष्मा लावला आणि वारीचा चहूबाजूंनी दिसणारा व्हिडिओ सुरू केला. आप्पा एकदम गप्प झाले. मग हात जोडले, आणि समोरच्या वारकऱ्याच्या पाया पडायला खाली वाकले. हात जाऊन टीपॉयवर आदळला! आम्ही सगळे हसलो, तेही हसले. डोळे पुसले आणि म्हणाले, "परत लाव रे."

आता सांगा, याला माया म्हणून कसं झटकायचं? डोळ्यांतलं पाणी तर खरं होतं.

तेव्हा मला योगवासिष्ठातला लवण राजा आठवला. भर दरबारात एक जादूगार येतो, मोरपिसांचा झुबका फिरवतो आणि राजाला समोर घोडा दिसतो. घोडा त्याला दूर विंध्याच्या रानात नेतो. भुकेने जीव जात असताना तिथल्या वस्तीतली एक मुलगी त्याला अन्न देते, त्याच्या बदल्यात तो तिच्याशी लग्न करतो. मुलं होतात, वर्षं जातात, दुष्काळ पडतो, आणि शेवटी भुकेल्या लेकरासाठी तो आगीत उडी घ्यायला निघतो. इतक्यात डोळे उघडतात तर तो सिंहासनावरच! दोनच मुहूर्त झालेले, म्हणजे आपल्या घड्याळाने सुमारे दीड तास. पण राजा "चला, खोटं होतं" म्हणून मोकळा होत नाही. दुसऱ्या दिवशी विंध्याकडे निघतो, तर तिथे तीच वस्ती, आणि गेलेल्यांसाठी रडणारी म्हातारी सासू.

ही गोष्ट आपण नेहमी राजाच्या बाजूने ऐकतो. यावेळी मी दरबाऱ्यांच्या बाजूने पाहिली. त्यांना त्या दीड तासात काय दिसलं? समोर बसलेला, पण जागेवर नसलेला माणूस. प्रजा तिथेच, प्रधान तिथेच, आणि राजा नाही.

सौ.ने हेच एका वाक्यात सांगितलं. मी पैशाचा हिशेब मांडत होतो, तर म्हणाली, "अहो, अठरा हजाराचं सोडा. तो चष्मा घातल्यावर मी हाक मारली तर त्याला कळेल का, तेवढं सांगा."

टीव्ही निदान सगळे मिळून बघतात. मोबाईलमध्ये डोकावता तरी येतं. इथे आत एकटाच. आपल्या भागातल्या वारली पाड्यांवर तारपा वाजतो तेव्हा वाजवणारा मध्ये आणि बाकीचे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फिरतात, एकट्याने तो नाच होतच नाही. आप्पांच्या वेळी आम्ही सगळे भोवती होतो, म्हणून ती गंमत घराची झाली. पोरगा खेळतो तेव्हा दार लावून घेतो. वस्तू एकच, पण दोन वेगळ्या गोष्टी घडतात.

कंपन्यांच्या भरवशावर राहावं म्हटलं, तर मेटाने २०२३ मध्ये वयाची अट तेरावरून दहावर आणली, आणि सोनी सांगते बाराच्या आतल्यांना देऊ नका. मुलांचे डोळे तेच, कंपनीगणिक आकडा वेगळा! तेव्हा ठरवायचं आपणच. आणि खरं सांगू? दार लावून घेण्यात माझाही वाटा आहे. सेकंड शिफ्ट करून यायचं आणि सुट्टीच्या दिवशी जेवतानाही मोबाईल हातात. पोराने विचारलं, "बाबा, तुम्हाला तरी पहिल्या हाकेला कुठे ऐकू येतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून पुतण्याला सांगितलं, आठ दिवस चष्मा ठेवून जा, मग सांगतो. खेळायचं ते बाहेरच्या खोलीतच, दार उघडं. आतलं चित्र टीव्हीवर टाकता येतं, ते टाकायचं, म्हणजे आजीलाही कळेल नातू कुठे फिरतोय. रोज आधी पंधरा मिनिटं आप्पांची. आणि हाक आली की चष्मा काढायचा. हाच नियम माझ्या मोबाईलला. तोही पोरानेच घालून घेतला.

आज सहावा दिवस. काल त्याने दुसऱ्या हाकेला काढला. मी तिसऱ्या. बोनसचे पैसे अजून बँकेतच आहेत.

आपल्या घरी असा प्रश्न आला असेल तर काय ठरलं, ते गटात जरूर लिहा. त्या ताईंचं उत्तर माझ्याकडून राहिलंच आहे.

जय गुरुदेव.