व्हॅनिलाचे आकाश

न्यूयॉर्क येथील ज्या वैद्यकीय प्रयोगशाळेत व्हॅनिला नावाच्या चिंपांझी मादीचे बालपण गेले, तेथे पाच-पाच फुटांचे पिंजरे पोपटाच्या पिंजऱ्यांसारखे छतास टांगलेले असत. पुढे ती कॅलिफोर्नियातील एका आश्रयस्थानाच्या हवाली झाली खरी, परंतु तेथेही तिच्या वाट्यास आला तो गवताची काडीही नसलेला जाळीचा कोंडवाडा, आणि २०१९ मध्ये ते ठिकाणही बंद पडले.

२०२२ मध्ये तिचा मुक्काम फ्लोरिडातील फोर्ट पिअर्स येथील ‘सेव्ह द चिंप्स’ या संस्थेत हलविण्यात आला. कॅरोल नून या विदुषीने १९९७ मध्ये स्थापिलेल्या या संस्थेचा बंदोबस्त मोठा मार्मिक आहे: सुमारे दीडशे एकरांत बारा बेटे, आणि चिंपांझींना पोहता येत नसल्याने भोवतीचे पाणी हीच तटबंदी.

बेटाच्या उंबरठ्याशी व्हॅनिला कचरली. तेव्हा टोळीचा म्होरक्या ड्वाइट याने बाहू पसरताच ती त्याच्या मिठीत शिरली, आणि मान उंचावून आकाशाकडे पाहतच राहिली. त्या क्षणी तिच्या मनात काय आले, याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले. मला ते धाडस होत नाही. परंतु ज्या शास्त्राने उपयोगापुरते तिचे रक्तमांस मनुष्यसदृश मानले, त्यास तिचे दुःखही तसेच मानण्यास इतका विलंब का लागावा, हे मात्र उमगत नाही.

असो. तिमजली मचाणावर बसणे तिला प्रिय आहे, आणि ड्वाइटच्या पुढ्यातला खाऊ ती बिनदिक्कत पळविते, असे तेथील जाणकार सांगतात.