दुसऱ्याचे काय झाले?

सणासुदीला भ्रातृहत्येची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये. वर्गात रोमची गोष्ट सांगताना मी पुष्कळ वर्षे एक लबाडी करीत आलो. टायबर नदीत सोडलेली जुळी मुले, त्यांना दूध पाजणारी लांडगी, त्यांना वाढवणारा गुराखी, येथवर रंगवून सांगायचे आणि ‘पुढे रोम्युलसने रोम वसवले’ म्हणून पुस्तक मिटायचे. यंदा एका मुलाने विचारले, “सर, मग दुसऱ्याचे काय झाले?”

दुसरा रीमस. त्याने थट्टेने भावाची नवी भिंत ओलांडली आणि भावाने त्याला ठार केले.

इतिहासाला विचारावे, तर तो थोडेच बोलतो. रोमच्या स्थापनेचे इसवी सनापूर्वी ७५३ हे वर्ष व्हॅरो या पंडिताच्या नावावर आहे, आणि तो झाला कित्येक शतकांनंतर. पॅलटाइन टेकडीवर प्राचीन झोपड्यांच्या खांबांचे खड्डे सापडले; १९८८ साली टेकडीच्या पायथ्याशी जुन्या भिंतीचे अवशेषही निघाले. वस्ती खरी, रोम्युलस मात्र तेथे भेटत नाही. इतिहासकार लिव्ही तर सांगतो की, ती लांडगी म्हणजे गुराख्याची बदनाम बायको, असेही काही जण म्हणत. लॅटिनमध्ये दोहोंना एकच शब्द!

गोष्ट जर रचलेलीच, तर तिच्यात खून कशाला ठेवला? कुळाच्या मूळपुरुषाचे चित्र काढताना आपण त्याचे हात आधी धुऊन घेतो. रोमनांतही तसे करणारे होतेच. ओव्हिड कवीने तो घाव सेलर नावाच्या हाताखालच्या माणसावर ढकलला. लिव्हीने मात्र रीमस झटापटीत पडल्याचे सांगून, भावानेच मारल्याची कथा लोकांत अधिक रूढ आहे, हेही लिहून ठेवले. पुढे यादवी युद्धांत रोमन रोमनाला कापू लागला, तेव्हा होरेसला त्या शापाचे मूळ रीमसच्या रक्तात दिसले. खून गाळला असता, तर त्या दिवसांत हा आरसा त्यांनी कोठून आणला असता?

मी कादंबऱ्या लिहितो. कल्पित गोष्टीची मला लाज नाही. लाज वाटली ती गाळलेल्या पानाची. दुसऱ्या दिवशी वर्गात सारे सांगितले. तोच मुलगा म्हणाला, “मग रोम्युलसला चांगला म्हणायचे की वाईट?”

मी मॅट्रिक झालेला मास्तर. मला उत्तर आले नाही. इतके मात्र खरे की, माझ्या गोष्टीत आता भाऊ दोन असतात.