वहिवाटीचे सत्य

जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तीन राज्यांच्या मध्ये पसरलेल्या बोडनझे सरोवराची प्रदक्षिणा आगबोट आणि आगगाडी अशा दोन्ही वाहनांनी करू इच्छिणारा प्रवासी जेव्हा नकाशा व वेळापत्रके पुढे घेऊन बसतो, तेव्हा बेत आखण्याच्या त्या साध्या व्यवहारातूनच एक जुना तात्त्विक प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. जे केवळ माणसांच्या संमतीने निर्माण झाले आणि संमती सरताच नाहीसे होईल, त्याला सत्य म्हणावे काय, आणि त्याचे बंधन कोठवर मानावे?

या सरोवराचा कॉन्स्टन्स नगरालगतचा भाग आणि पश्चिमेकडचे धाकटे उंटरझे यांच्या हद्दी तहाने ठरलेल्या आहेत. पण ओबरझे नावाच्या मुख्य जलाशयावर तिन्ही राज्यांची सरहद्द कोठून जाते, हे सांगणारा तहनामा आजतागायत झालेला नाही. सरहद्द मध्यरेषेवर आहे असे स्वित्झर्लंड म्हणते, काठचे उथळ पाणी वगळता सारे सरोवर सर्वांच्या सामाईक मालकीचे आहे असे ऑस्ट्रिया म्हणते, आणि जर्मनीने निःसंदिग्ध असे काहीच म्हटलेले नाही. असे असूनही तिन्ही राज्यांच्या बोटी एकमेकांच्या धक्क्यांना लागतात, मासेमारीचे नियम पाळले जातात, आणि जेथे दस्तऐवज नाही तेथे वहिवाट अंमल चालवते.

प्रवाशाचा सारा बेत याच वहिवाटीच्या भरवशावर उभा असतो. कॉन्स्टन्सहून फ्रीडरिक्सहाफेनला रुळांवरून जायचे तर राडोल्फत्सेलपर्यंत मागे जाऊन गाडी बदलावी लागते आणि सरोवराच्या एका फाट्याला वळसा घालावा लागतो, तर पाण्यावरून तेच अंतर तासाभराच्या आत तुटते. फ्रीडरिक्सहाफेनहून समोरच्या रोमान्सहोर्नला मोटारी वाहणारी बोट पाऊण तासाच्या आत पोचवते, आणि तेथे धक्क्याशेजारीच स्विस गाडी उभी असते. लिंडाऊच्या बेटावर तर बव्हेरियाचा पाषाणसिंह आणि दीपस्तंभ ज्या बंदराची राखण करतात, त्याला लागूनच स्थानक आहे. सहलीच्या बोटी बहुतांशी वसंतापासून ऑक्टोबरपर्यंतच चालतात, म्हणून शेवटची बोट आणि तिच्यापुढची गाडी यांचा मेळ आधीच बसवून ठेवावा लागतो. तो बसवताना एका राज्याच्या नागरिकाने छापलेल्या मिनिटावर दुसऱ्या राज्याचा नागरिक निर्धास्त विसंबतो, यात केवढा विश्वास सामावला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

हा मेळ पूर्वी इतका सुलभ नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या एका सरोवराच्या काठी पाच निरनिराळ्या वेळा चालत असत: कॉन्स्टन्सला बाडेनची, फ्रीडरिक्सहाफेनला व्युर्टेम्बर्गची, लिंडाऊला बव्हेरियाची, रोमान्सहोर्नला बर्नची आणि ब्रेगेन्झला प्रागची. बर्न आणि प्राग यांच्या वेळांत जवळजवळ अर्ध्या तासाचे अंतर असल्याने समोरासमोरच्या धक्क्यांवरील घड्याळे परस्परांना खोटे ठरवीत. 1891 ते 1894 या काळात ही सर्व राज्ये क्रमाक्रमाने मध्य युरोपीय वेळेवर आली आणि तो घोळ संपला. आपल्या मुंबईनेही, 1906 साली नवी प्रमाणवेळ लागू झाल्यावर, तिच्याहून 39 मिनिटे मागे असलेली आपली स्वतंत्र वेळ कितीतरी वर्षे हट्टाने जपली होती.

काल हे द्रव्य एक, नित्य आणि सर्वव्यापी असून क्षण, मुहूर्त, दिवस हे त्याचे भेद केवळ उपाधींमुळे भासतात, असे वैशेषिकांनी म्हटले आहे. आणि व्यावहारिक सत्तेला पारमार्थिक सत्तेपासून वेगळे काढूनही तिला तिच्या क्षेत्रात पूर्ण मान देण्याचा विवेक अद्वैत्यांनी दाखविला आहे. सव्वानऊची बोट परमार्थतः सव्वानऊला सुटत नाही, हे खरे. पण म्हणून धक्क्यावर उशिरा येणाऱ्याची ती वाट पाहत नाही.

परमार्थाच्या नावाखाली व्यवहाराचे वचन मोडले की काय होते, याचा दाखला याच काठावर आहे. कॉन्स्टन्सच्या बंदराला लागून कोन्झील नावाची जी जुनी भव्य वखार उभी आहे, तिच्यात 1417 साली पोप पाचव्या मार्टिनची निवड झाली. ज्या धर्मसभेने ती केली, तिच्यापुढे बोहेमियाचा धर्मसुधारक यान हुस 1414 साली राजा सिगिस्मुंडच्या संरक्षणाचा कौल घेऊन आला होता. काही आठवड्यांतच त्याला कैद झाली, आणि 6 जुलै 1415 रोजी त्याला जिवंत जाळून त्याची राख ऱ्हाइन नदीत टाकण्यात आली. राजाचा कौल धर्मन्यायालयाच्या आड येऊ शकत नाही, हा सभेचा युक्तिवाद होता; म्हणजे शाश्वत सत्य आपल्या हाती आहे, अशी खात्री असलेल्यांना माणसाने माणसाला दिलेला शब्द क्षुद्र वाटला. 1999 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी हुसच्या क्रूर मृत्यूबद्दल खेद व्यक्त केला. पण मोडलेला कौल खेदाने सांधला जात नाही.

वहिवाट अन्यायाचीही असू शकते, हा आक्षेप रास्त आहे, आणि अशी वहिवाट मोडणे हाही धर्मच होय. परंतु ती मोडण्याचा अधिकार तिच्याखाली भरडल्या जाणाऱ्याचा असतो. ज्याने स्वतः शब्द दिला त्याला तो अधिकार नाही. सरहद्दी, घड्याळे आणि करार ही मानवाची निर्मिती आहे, एवढ्याने ती मिथ्या ठरत नाहीत. उलट, निसर्गाचा किंवा ईश्वराचा हुकूम त्यांच्या पाठीशी नसल्यामुळेच ती पाळण्याची सारी जबाबदारी आपल्यावर येते. परमार्थाचा शोध ज्याने त्याने आपल्या शक्तीप्रमाणे घ्यावा. दिलेला शब्द मात्र त्या शोधाची सबब सांगून कोणीही मोडू नये.